दाबाचा आकडा गॅरेजपर्यंत पोहोचू द्या

दहा-बारा वर्षे जुन्या पिकअपचे स्टिअरिंग जड होऊ लागले, गाडी वळवताना बॉनेटखालून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंगच्या डब्यातले ऑइल दर आठवड्याला उतरू लागले, की गाडीमालकाला गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान ऐकायला मिळते : पॉवर स्टिअरिंगचा पंप गेला, नवा टाकावा लागेल. कधी ते बरोबर असते. पण पुष्कळदा पंप ठीक असतो. बेल्ट सैल पडलेला असतो, डब्यातली जाळी गाळाने बुजलेली असते, डब्याकडून पंपाकडे जाणारा रबरी पाइप क्लिपपाशी हवा ओढत असतो, किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या आतले सील झिजलेले असते. अशा वेळी नवा पंप बसवूनही चाक जडच राहते. मग पाइप बदलला जातो, मग बॉक्स उघडला जातो, आणि एका साध्या दोषापायी तीन दुरुस्त्यांचे बिल होते. खर्च मालकाच्या खिशातून जातो आणि बोल मिस्त्रीला लागतो. मिस्त्री सगळेच निष्णात असतात असा माझा दावा नाही. पण या चुकीचे मूळ मिस्त्रीच्या हातात कमी आणि त्याच्यापर्यंत न पोहोचणाऱ्या माहितीत जास्त आहे. म्हणून गाडी बनवणाऱ्या कंपनीने तिच्या दुरुस्तीची माहिती आणि लहानसहान सुटे भाग, गाडी रस्त्यावर असेपर्यंत, कोणत्याही गॅरेजला वाजवी दरात देणे कायद्याने बंधनकारक झाले पाहिजे. आणि त्या कायद्यात मालवाहू पिकअपचे नाव स्वच्छ शब्दांत लिहिलेले पाहिजे.

पॉवर स्टिअरिंगचा जन्मच मुळी मालवाहू गाड्यांच्या गरजेतून झाला. अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याला अवजड ट्रक वळवताना चालकांची होणारी दमछाक माहीत होती. तेलाच्या दाबाने चाक वळवण्यास मदत करणारी यंत्रणा त्याने तयार केली आणि १९२६ मध्ये गाडीवर बसवून दाखवली. ती सर्वसामान्य मोटारीत यायला १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लरने आपल्या इम्पीरियल गाडीत ती दिली. आजच्या जुन्या पिकअपमधली यंत्रणा तत्त्वतः तीच आहे. इंजिनच्या बेल्टवर, काही डिझेल इंजिनांत थेट गिअरवर, एक छोटा पंप फिरतो. त्याच्या आत खाचा पाडलेला एक रोटर असतो, त्या खाचांत पोलादाच्या पातळ पात्या सरकत असतात आणि लंबगोल कड्याच्या आतल्या भिंतीला घासत त्या ऑइल पुढे ढकलतात. हे ऑइल जाड पाइपातून स्टिअरिंग बॉक्समध्ये जाते आणि तिथला पिस्टन रेटते. चालक चाक पूर्ण वळवतो तेव्हा या पाइपातला दाब ८० ते १०० बारच्या घरात, काही गाड्यांत त्याहूनही वर जातो. पिकअपच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या तो वीस-पंचवीस पट असतो. पात्या आणि कडे यांमधली फट केसाहूनही बारीक असते आणि तिला वंगण मिळते ते त्याच ऑइलचे. ऑइलमध्ये हवा शिरली की फेस येतो, फेसाने वंगण तुटते, पात्या कड्याला खरवडू लागतात आणि निघालेली धातूची पूड ऑइलबरोबर साऱ्या यंत्रणेत फिरते. आवाज यायला लागल्यापासून पंप खरोखर निकामी होईपर्यंत बरेचदा पुष्कळ दिवस हाताशी असतात. त्या दिवसांत योग्य निदान झाले तर पंप वाचतो.

हे निदान करण्याची पद्धत सोपी आहे, आणि माझा सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. पंप आणि स्टिअरिंग बॉक्स यांना जोडणाऱ्या पाइपात एक दाबमापक जोडायचा. त्याच्या पुढे, म्हणजे बॉक्सच्या बाजूला, एक झडप असते. इंजिन चालू करून ऑइल गरम होऊ द्यायचे आणि ती झडप क्षणभर बंद करायची. पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, कारण बंद झडपेवर जोर देत राहिलेला पंप तापून स्वतःच मरतो. त्या क्षणी काटा जिथे जातो तो पंपाचा कमाल दाब. तो कंपनीने ठरवून दिलेल्या आकड्याइतका असेल तर पंप निर्दोष आहे आणि जडपणाचे कारण पुढे बॉक्समध्ये किंवा त्याहीपुढे, टायरॉड आणि बॉल जॉइंटमध्ये शोधायला हवे. आता झडप उघडी ठेवून चाक शेवटपर्यंत वळवले आणि दाब आधीच्यापेक्षा बराच कमी भरला, तर ऑइल बॉक्सच्या आतल्या आत गळते आहे. झडप बंद असतानाच दाब कमी भरला, तर मात्र बेल्ट, ऑइल आणि जाळी तपासून मग पंपाकडे बोट दाखवता येते. पंप, बॉक्स आणि बाकीचे सांधे यांची अशी निवड करायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. दाबमापक कुठल्याही हायड्रॉलिकच्या दुकानात मिळतो आणि झडपेसह जोडणी लेथवर करून घेता येते. अडते ते एका ठिकाणी : काट्याने ७५ बार दाखवले तर ते पुरेसे की अपुरे? हे फक्त त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. तो आकडा नसेल तर दाबमापक असून नसल्यासारखा. मग मिस्त्रीला एकच वाट उरते, अंदाजाने सर्वांत संशयित भाग बदलून पाहण्याची. ज्याला आपण अडाणीपणा म्हणतो तो पुष्कळ वेळा असा, आकड्याच्या अभावी नाइलाजाने केलेला अंदाज असतो.

पंप खरोखरच गेलेला असेल तर पुढच्या कामातही हीच अडचण पावलोपावली येते. पुली शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली असेल तर ती पुलरनेच काढावी लागते. हातोड्याने ठोकली तर धक्का थेट रोटरला आणि बेअरिंगला बसतो आणि पुली परत बसवताना हेच केले तर नवा पंप पहिल्याच दिवशी जखमी होतो. पाइपाच्या बोल्टखालच्या तांब्याच्या चकत्या प्रत्येक वेळी नव्या घालायच्या असतात. जुन्या पंपाने सोडलेली धातूची पूड पाइपांत, डब्यात आणि बॉक्समध्ये बसलेली असते. ती धुऊन काढली नाही तर तीच पूड नव्या पंपात जाते आणि काही महिन्यांत तोही घूंऽऽ करू लागतो. नवा पंप लवकर का गेला या प्रश्नाचे उत्तर फार वेळा इथे असते, आणि खापर मात्र पंपावर फुटते. त्यानंतर ऑइल. कुठल्या गाडीला लाल ट्रान्समिशन ऑइल चालते, कुठल्या गाडीला वेगळे हायड्रॉलिक ऑइल लागते, हे डब्याकडे बघून कळत नाही. चुकून ब्रेक ऑइल ओतले तर रबरी सील फुगून साऱ्या यंत्रणेची वाट लागते. शेवटी हवा काढायची : पुढची चाके जमिनीवरून उचलून गाडी भक्कम आधारावर ठेवायची, इंजिन बंद ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश अनेकदा फिरवायचे, ऑइल भरत राहायचे, मग इंजिन चालू करून तेच करायचे आणि चाक टोकाला दाबून धरायचे नाही. बुडबुडे थांबेपर्यंत गाडी सोडायची नाही. यात अवघड काहीच नाही. पण बोल्ट किती आवळायचा, बेल्टला किती ताण द्यायचा, ऑइल कोणते आणि किती, याची उत्तरे कंपनीच्या कपाटात आहेत. ती बाहेर येत नाहीत तोवर ती तोंडी फिरतात, आणि तोंडी फिरताना बदलतात.

माहितीइतकाच प्रश्न सुट्या भागांचा आहे. पंपाच्या शाफ्टवरचे ऑइल सील झिजून गळती सुरू झाली असेल तर पंपाच्या पोटातले बाकी सगळे शाबूत असू शकते. सील, काही रबरी रिंगा आणि तासा-दोन तासांचे काम एवढ्यात तो पंप पुन्हा वर्षानुवर्षे चालतो. पण कंपनीच्या यादीत अनेकदा आख्ख्या पंपाचाच नंबर असतो, आतल्या सीलचा नसतो. मग पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला, मापाने जुळणारे सील शोधत हिंडावे लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी अचूक मापाचा भाग घडवून देणारे कारागीर आहेत, हे महाराष्ट्राचे भाग्य. पण रबराचा दर्जा डोळ्यांनी ओळखता येत नाही. गरम ऑइलला न टिकणारे सील महिन्याभरात पुन्हा गळते. हे ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकले तर आग लागू शकते, इतका तो प्रश्न गंभीर आहे. कंपन्या नकली मालाविरुद्ध जाहिराती करतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण नकली मालाला जागा मिळते ती अस्सल माल मिळत नाही म्हणून, किंवा दहा टक्के दोषासाठी शंभर टक्के किंमत मोजावी लागते म्हणून. अस्सल सील किट तालुक्याच्या दुकानात ठेवा. नकलीचा धंदा निम्मा तिथेच बसेल.

हा प्रश्न आपल्या यंत्रणेला माहीत नाही असेही नाही. मोटार कंपन्या बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि तपासणीची साधने मिळू देत नाहीत, अशी तक्रार २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. सुरुवातीला तीन कंपन्यांविरुद्ध असलेली चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना दोषी धरून एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याहून महत्त्वाचे होते ते आयोगाचे निर्देश : सुटे भाग खुल्या बाजारात येऊ द्या, दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना द्या, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारू नका. प्रकरण पुढे अपिलात आणि उच्च न्यायालयांत गेले. वर्षे उलटली, आणि त्या निर्देशांचा रस्त्याकडेच्या गॅरेजला फारसा लाभ झाला नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात धरली. पाऊल स्वागतार्ह आहे, पण कंपनीने आपणहून माहिती द्यावी एवढीच त्याची झेप. न देणाऱ्यावर कारवाई करणारा कायदा त्यामागे नाही.

या सगळ्यात पिकअप मधल्या मध्ये सापडते. स्पर्धा आयोगाचे प्रकरण प्रवासी कारचे होते. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा ग्राहक खात्याच्या अंगणात चालते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला त्यात सवलत आहे. म्हणजे स्वतः गाडी चालवणारा मालक ग्राहक आयोगाचे दार ठोठावू शकतो, पण दोन पिकअप घेऊन एकीवर चालक ठेवणाऱ्याला आधी आपण ग्राहक आहोत हेच सिद्ध करत बसावे लागते. दुसऱ्या टोकाला मोठ्या वाहतूक कंपन्या आणि एसटी महामंडळ. शेकड्यांनी गाड्या घेणारा ग्राहक खरेदीच्या करारातच माहिती, प्रशिक्षण आणि सुटे भाग मागून घेऊ शकतो. एक किंवा दोन गाड्यांचा मालक कशाच्या जोरावर मागणार? त्याच्या बाजूने बोलायचे काम कायद्याचेच आहे, आणि आज कुठलाच कायदा ते नीट करत नाही.

आणि ही गाडी आहे कुणाची? नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो घेऊन माळशेज घाटाने कल्याणकडे उतरणारी, लासलगावच्या आवारात पहाटे कांद्याच्या रांगेत उभी राहणारी, गणपतीच्या आधी मूर्ती पोहोचवणारी, लग्नात मंडपाचे सामान नेणारी, दूध, पशुखाद्य, सिमेंट, विटा, काय म्हणाल ते वाहणारी ही गाडी. तिच्यावर एका कुटुंबाचे पोट असते आणि बरेचदा कर्जाचे हप्तेही असतात. ती आठ दिवस गॅरेजमध्ये पडली तर गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवाल्याकडे जाते आणि परत येतेच असे नाही. म्हणून जड स्टिअरिंग घेऊन गाडी चालवत राहण्याचा मोह होतो. पंप बंद पडला तरी पुढची चाके आणि स्टिअरिंग यांमधला यांत्रिक दुवा तुटत नाही, गाडी वळते, हे खरे. पण भरलेल्या गाडीला घाटातल्या वळणावर, मंद वेगात, एकाएकी दुप्पट-तिप्पट जोर लागू लागला तर चालकाचा अंदाज चुकायला क्षण पुरतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसची तपासणी करून घ्यावी लागते, ज्याला सगळे पासिंग म्हणतात. ती तपासणी दोष आहे की नाही ते सांगते. दोष दूर करायचा कसा, हे सांगण्याची जबाबदारी कुणीच घेतलेली नाही. गाडी सुरक्षित हवी असा आग्रह धरणाऱ्या शासनाने ती सुरक्षित करण्याची माहितीही मोकळी केली पाहिजे. नाहीतर तो आग्रह अर्धाच राहतो.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचाच घेतला जाईल. स्टिअरिंग ही जिवाशी संबंधित यंत्रणा आहे, तिचे काम अप्रशिक्षित हातांत जाऊ नये, माहिती खुली केली तर कुणीही उठून पंप उघडेल, असे कंपन्या म्हणतात. चिंता योग्य आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. कारण हे काम आजही त्याच हातांत आहे. वॉरंटी संपलेली पिकअप कंपनीच्या वर्कशॉपमध्ये क्वचितच जाते. तिथले दर, तिथली रांग आणि तिथपर्यंतचे अंतर तिला परवडत नाही. म्हणजे आज आपल्यापुढे प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित अशी निवड नाहीच. माहिती हाती असलेला मिस्त्री आणि माहितीविना चाचपडणारा मिस्त्री यांतली निवड आहे, आणि सुरक्षितता हवी असेल तर तिचे उत्तर उघड आहे. प्रशिक्षणाचेही म्हणाल तर राज्यभरच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला तत्त्व माहीत असते, पण गावात त्याच्यापुढे येणाऱ्या नेमक्या गाडीचे मॅन्युअल त्याने पाहिलेले नसते. दुरुस्तीची सार्वजनिक व्यवस्था कशी उभी राहते याचा नमुना आपल्याकडे आहे : एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा. तिथे बसबांधणी होते, जुन्या यंत्रांची पुनर्बांधणी होते, आणि ती करणारे हात याच राज्यातल्या आयटीआयमध्ये शिकलेल्या मुलामुलींचे असतात. मॅन्युअल, मापे आणि सुटे भाग हाताशी असले की हे हात काय करू शकतात ते तिथे दिसते. त्याच शिक्षणाचा दुसरा मुलगा आळेफाट्याला गॅरेज टाकतो तेव्हा तो अचानक अयोग्य होतो, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुन्या डिझेल गाड्या हवा खराब करतात, २०२१ पासून देशात वाहने मोडीत काढण्याचे धोरण आहे, मग त्यांचे आयुष्य वाढवणारी दुरुस्ती सोपी कशाला करायची? बीएस-६ निकष देशभर एप्रिल २०२० पासून आले; त्याआधीची पिकअप नव्या पिकअपपेक्षा जास्त धूर आणि जास्त सूक्ष्म कण सोडते, हे निर्विवाद आहे आणि शहरातल्या लहान मुलांच्या फुप्फुसांचा विचार करता ते हलके घेण्यासारखे नाही. पण गाडी धुरासाठी बाद करायची असेल तर ती धुराच्या मापावर बाद करा, पीयूसी आणि फिटनेसच्या कठोर, प्रामाणिक तपासणीवर बाद करा. पंपाचा आकडा लपवून ती बाद होत नाही. ती रस्त्यावरच राहते, फक्त जड स्टिअरिंगने चालते. मोडीत काढण्याचे धोरणही गाडी निकषांवर नापास झाली तर तिला निरोप द्या असे म्हणते. नापास होईपर्यंत तिची निगा नीट राखू नका असे म्हणत नाही. शिवाय आज घेतलेली बीएस-६ गाडी आणखी दहा वर्षांनी जुनी होणारच आहे, आणि तिची धूर शुद्ध करणारी यंत्रणा तर पंपापेक्षा कितीतरी नाजूक आहे. तिच्या दुरुस्तीची माहिती तेव्हा गॅरेजला नसेल तर ती यंत्रणा काढून टाकण्याचाच सल्ला मिळेल. हवा स्वच्छ हवी असणाऱ्यांनी दुरुस्तीची माहिती खुली करण्याची मागणी सर्वांत आधी करायला हवी.

बौद्धिक संपदेचा तिसरा आक्षेप फार वेळ घेणारा नाही. पंपाचे आरेखन, धातूची घडण, उत्पादनाची पद्धत हे कंपनीचे ज्ञान आहे आणि ते तिच्याकडेच राहावे. कमाल दाब किती आणि ऑइल कोणते, यात कसले गुपित? युरोपीय संघाचा २०१८ चा वाहनविषयक नियम मालवाहू वाहनांसह सर्व गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना द्यायला लावतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये असा कायदा मतपेटीतून मंजूर केला, आणि २०१४ मध्ये वाहन कंपन्यांनी त्याच धर्तीवरचा करार देशभरासाठी स्वीकारला. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या योजनेत तर हलकी मालवाहू वाहनेही आहेत आणि २००२ पासून बनलेल्या गाड्याही आहेत, म्हणजे जुन्या पिकअपचा विचार तिथे मुद्दाम केलेला आहे. माहिती फुकट द्यावी असे तिथला कायदा म्हणत नाही. रास्त शुल्क घ्या, पण सगळ्यांना द्या, एवढेच म्हणतो. या नियमांमुळे तिथे गाड्या विकणे कोणत्याही कंपनीने बंद केलेले नाही. तिथे विकणाऱ्या अनेक कंपन्या भारतातही गाड्या विकतात, आणि भारतीय कंपन्यांनी परदेशात निर्यात केलेल्या गाड्यांनाही तिथले नियम पाळावेच लागतात. तिकडच्या गॅरेजला जे मिळते ते इकडच्याला देण्यात तांत्रिक अडचण नाही, हे यावरून दिसते.

कुणी म्हणेल, आता विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग येते आहे, ना पंप राहणार ना ऑइल. मग मावळत्या यंत्रासाठी एवढा आटापिटा का? उलट त्यामुळेच घाई हवी. ऑइलच्या यंत्रणेत दोष कानाला ऐकू येतो, बोटाला लागतो, निष्णात मिस्त्री आकड्याविना निदान अर्ध्या वाटेपर्यंत तरी पोहोचतो. विजेच्या स्टिअरिंगमध्ये मोटर, संवेदक आणि संगणक असतो. भाग बदलल्यावर मधली स्थिती संगणकाला नव्याने शिकवावी लागते आणि त्यासाठी कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. ते ज्याच्याकडे नाही त्याच्या हातात अस्सल नवा भाग असूनही उपयोग नाही. पंपाच्या बाबतीत जी माहिती मिळणे कठीण आहे, ती तिथे कुलपातच असेल. पंपाच्या आकड्यावरून आज नियम घालून घेतला नाही, तर उद्याच्या पासवर्डवर तो घालणे फार अवघड जाईल.

नियम कसा असावा हे सांगणे कठीण नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून वाहनाला मंजुरी देतानाच अट घालावी : सर्व्हिस मॅन्युअल, सुट्या भागांची नंबरांसह यादी आणि तपासणीचे आकडे कंपनीने ठरावीक शुल्कात सर्वांना उपलब्ध करावेत, मराठी-हिंदीसह भारतीय भाषांत सारांश द्यावा, आणि मॉडेल बंद झाल्यावरही किमान पंधरा वर्षे सील किटसारखे आतले भाग पुरवावेत. न पुरवल्यास दंड, आणि तो भाग दुसऱ्या उत्पादकाला बनवू देण्याची मुभा. राज्य सरकारला दिल्लीची वाट न पाहताही बरेच करता येईल. स्वतःच्या ताफ्यासाठी गाड्या घेताना ही अट निविदेत घालता येईल आणि मिळालेली मॅन्युअल आयटीआयच्या ग्रंथालयांत ठेवण्याचा हक्क मागून घेता येईल. प्रत्येक आयटीआयला झडपेसह एक दाबमापक देण्याचा खर्च सरकारी हिशेबात नगण्य आहे. आठवड्यातला एक दिवस परिसरातल्या गॅरेजवाल्यांना तो वापरू द्यावा. आरटीओने फिटनेस नाकारताना दोष नेमका कुठल्या भागात आढळला ते मराठीत लिहून द्यावे.

यांतले सर्वांत स्वस्त काम तर उद्यापासून होऊ शकते. टायरमध्ये हवा किती भरायची याची पट्टी बहुतेक गाड्यांवर कारखान्यातूनच चिकटवलेली येते. तशीच दुसरी पट्टी बॉनेटच्या आतल्या बाजूला लावावी : स्टिअरिंग ऑइलचा प्रकार, त्याचे माप, बेल्टचा नंबर आणि पंपाचा कमाल दाब. जुन्या मॉडेलांसाठी याच चार गोष्टी कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर, लॉगिन न मागता, टाकाव्यात. महाराष्ट्रातल्या वाहतूकदार संघटनांनी आणि बाजार समित्यांनी ही मागणी परिवहन आयुक्तांकडे लेखी करावी. गाड्यांच्या मॉडेलांची नावे घालून करावी, म्हणजे कंपन्यांना मोघम उत्तर देता येणार नाही.